वाफ्याचं पाणी कोण वळवील

मुंबईहून कॅसेट आली तेव्हा मी मेथीच्या जुड्या बांधत होते. मी लिहिलेलं एक गाणं रेडिओवर लागलं होतं, ते ऐकून एका संगीतकारांनी चाल पाठवली होती. सिनेमातली मुलगी सासरी निघते, शब्द आठ दिवसांत हवेत. नाचणगावच्या सुनेला सिनेमाचं गाणं! मेथी तशीच टाकून मी दिराचा टेप आणायला पळाले.

चालीत शब्द नव्हते, नुसतं ‘ला ला ला’. चार दिवसांत ते अख्ख्या घराच्या तोंडी बसलं. मी मात्र वहीत उंबरठा, आसवं, रिकामं अंगण असलं सगळं ठासून भरत होते. सहाव्या दिवशी धीर करून सासूबाईंना वाचून दाखवलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझ्या हातच्या भाजीलाही त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं.

“उंबरठ्यापाशी कोन रडते वो?” जुडीला गाठ मारत त्या म्हणाल्या. “माहेरी वांग्याले पाणी मीच देत होती. सासरी निघाली, बैलाची बंडी हालली तवा ध्यानात आलं, आता वाफ्याचं पाणी वळवनारं कोन? मागं पाह्यलं तं बाप खांद्यावर फावडं घेऊन वावराकडंच चालला होता. तवा रडली मी.”

वहीतली पानं टराटरा फाडली. ‘वाफा भरत आला बाबा, पाणी कोण वळवील?’ ही ओळ चालीत अशी बसली, की मी एकटीनंच टाळ्या पिटल्या. दुसऱ्या अंतऱ्यात फावडं घेतलेला बाप आला. लगेच पाकीट पोस्टात टाकलं. पंधरा दिवसांनी होकार आला, तेव्हा मी भर अंगणात नाचले. लोक काय म्हणतील, याची फिकीर गेली चुलीत!

दीड वर्षानं सिनेमा जवळच्या पुलगावला लागला. तीनच्या खेळाला सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पडद्यावर माझं नाव दिसलं आणि मी त्यांचा हात इतका दाबला, की त्या ओरडल्याच. मग गाणं सुरू झालं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला आणि पडद्यावर एकदम वरातच आली. बापाचा अंतरा कापला होता.

बाहेर उतरत्या उन्हात त्या थांबल्या.

“माह्या बापाले काऊन कापलं वो?”

“गाणं लांबतं म्हणून कापतात,” मी कशीबशी म्हणाले. मला रडू येत होतं.

“त्याहीनं कापलं तं कापलं. आपन म्हनू.”

आणि नाचणगावला परतताना, भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, त्यांनी खड्या आवाजात तो अंतरा सुरू केला. मी त्यांना तो कधी शिकवला नव्हता; चुलीपाशी गुणगुणायचे, तेवढंच. एक शब्द चुकला नाही.