पिसाची माशी

आज नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मला दौंडजवळचा भीमेचा काठ आठवला. कोंबड्याचं पीस गळावर बांधून माशांना भुलवणारी खोटी माशी करायला मी तेव्हा नुकती शिकत होते. पहिली इतकी नीटनेटकी गुंडाळली की दोरी ओवायचं नेढंच बुजलं. शेजारी गांडूळ लावून बसलेले आप्पा हसले, "बाई, पिसाला फसायला मासा येडा हाय व्हय?" मी ईर्ष्येनं दुसरी बांधली, नेढं मोकळं ठेवलं, गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिश लावलं आणि ते वाळताच माशी पाण्यावर फेकली. दोरी ताडकन ताणली गेली! "आप्पा, लागला!" मी किंचाळलेच. गळाला लागलेला चिलापी मासा तळहाताएवढाच होता, पण आप्पांनी गांडुळांचा डबा बंद केला आणि म्हणाले, "मला बी एक बांधा की." बाळांनो, आज ही बाटली उघडून तुमच्यासाठी अशाच दोन माशा बांधल्या आहेत. नेढी मोकळी आहेत, आपल्या इथली नदीही जवळच आहे; चला, टाकून बघू.