सरकारी वकिलाचा मारवा

आमच्या गावच्या संगीत मंडळाच्या अध्यक्षांनी सरकारी वकिलाला फसवलं. हे मी बाजारात बोललो, चहाच्या टपरीवर बोललो, एकदा अध्यक्षांच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर उभा राहूनही बोललो. आता लिहितो, कारण माझं बोलणं लोक रागाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. ‘त्याचं डोकं गरम आहे,’ म्हणतात, आणि विषय संपतो. डोकं गरम आहेच. म्हणून फसवणूक खोटी ठरत नाही.

मी बैलबाजारात वाढलो. बाप लवकर गेला, शाळा अर्ध्यात सुटली आणि दुसऱ्याच्या बैलांची दावी धरता धरता दलाली शिकलो. आज जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करतो, गावाबाहेर स्वतःचं गोदाम आहे. कोणी हात धरून वर आणलं नाही. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी ज्या माणसासाठी मी आज रडतो, तो गाण्याचा माणूस होता.

ओळख कोर्टात झाली. पोलिसांनी चोरीचे बैल पकडले होते आणि पंचनाम्यावर सही करायला बाजारातून मला आणि आणखी एकाला उचललं होतं. खटला उभा राहिला तेव्हा दुसरा पंच फितला. त्याला बैल आठवेनात, पोलीस आठवेनात, स्वतःची सहीसुद्धा ओळखू येईना. मी मात्र पाहिलं तेच सांगितलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं, “दलालीत रोज खोटं बोलता, मग आज खरं कसं काय?” मी पिंजऱ्यातूनच त्याच्यावर असा ओरडलो की न्यायाधीशांना मला समज द्यावी लागली.

बाहेर आलो तर सरकारी वकील टपरीवर चहा घेत उभे होते. किडकिडीत माणूस, कोट जरा मोठाच. मला वाटलं, आता हेही झापतील.

“शेठ, तुम्ही काळी चारमध्ये बोलता,” ते म्हणाले.

“म्हंजे काय?”

“पेटीवरची उंच पट्टी. चिडलात की थेट काळी पाच.”

“मले वाटलं तुम्ही रागवान.”

“कशाला रागवू? आज कोर्टात तुम्ही एकटेच सुरात होता.”

असं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. माझ्या आवाजावर लोक तक्रार करतात. त्याला पट्टी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मारेगाव, झरी अशा बदल्या करत करत ते आमच्या गावी आले होते. कोर्टातून घरी आले की कोट खुंटीला, हातपाय धुतले की तंबोरा मांडीवर. मी बाजार उरकून तिकडेच जायचो. वहिनी चहा ठेवायच्या आणि मला सांगायच्या, “भाऊ, मध्ये बोलू नका हो. परवा तुम्ही मध्येच ट्रॅक्टरचा भाव सांगितला, तर हे रात्री जेवले नाहीत.” त्या वेळी ते बहुतेक मारवा गायचे. दिवस मावळतानाचा राग, एवढं मला त्यांनी शिकवलं. मला तो घराची वाट चुकलेल्या माणसासारखा वाटायचा. तसं मी सांगितलं तर ते म्हणाले, “तुम्हाला कळत नाही असं कोणाला सांगत जाऊ नका.”

पण हे गाणं त्या खोलीबाहेर गेलं नाही. त्यांचा स्वतःचाच एक नियम होता. नोकरीत आहे तोवर या जिल्ह्यातल्या कुठल्याही मंचावर बसायचं नाही. मी वाद घातला. सरकारची परवानगी मिळते, इतर अधिकारी गातात, नाटकात कामं करतात. ते म्हणाले, “ज्या जिल्ह्यात मी माणसांना शिक्षा मागतो, त्या जिल्ह्यात त्यांच्याच टाळ्या कशा मागू? उद्या टाळी वाजवणाऱ्याचा खटला आला तर?”

मंडळाचा संगीत महोत्सव दर हिवाळ्यात व्हायचा. त्याचं निम्मं काम आमचे वकीलसाहेब करायचे. कोणत्या गायकाला बोलवायचं, साथीला कोण, सगळं ते सुचवायचे. मंचामागच्या खोलीत बसून तंबोरे लावायचे आणि पडदा उघडायच्या आत शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. पुढच्या रांगेत अध्यक्ष बसायचे, मान डोलवत, बरेचदा चुकीच्या जागी.

एका वर्षी महोत्सव संपल्यावर मी अध्यक्षांना गाठलं. साहेब बाजूलाच होते.

“अध्यक्ष महोदय, हा माणूस तुमचे तंबोरे लावते, गवई ठरवते, अन् बसते मागं. याले काय भेटते?”

“काय पाहिजे, बोल ना,” अध्यक्ष हसले. “तू तर भाव केल्याबिगर सोडणार नाहीस.”

“साहेब रिटायर होतीन त्या वर्षी महोत्सवाची पहिली बैठक त्यांची. दिवस मावळतानाची.”

“दिली.”

बैलबाजारात सौदा करताना आम्ही दुपट्ट्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून भाव ठरवतो. एकदा हात सुटला की बोलणं संपलं. तिथे कागद नाही, शिक्का नाही, आणि मागे फिरलेला माणूस पुन्हा बाजारात तोंड दाखवत नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, अध्यक्षांचा हात त्याखाली घेतला आणि दाबला. त्यांनीही दाबला. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मी तिकडे पाहायचं टाळलं.

घरी जाताना मी त्यांना विचारलं, एवढंच होतं तर रिटायर झाल्यावर माझ्या गोदामात गा ना, ट्रॅक्टर बाहेर काढतो, सतरंज्या टाकतो. ते म्हणाले, “गोदामात माझे लोक येतील. मंडळात सगळे येतात. वकील, पोलीस, सुटलेले, शिक्षा भोगून आलेले, त्यांच्या घरचे. त्यांनी मला फक्त एकच गोष्ट मागताना ऐकलंय. एकदा त्यांच्यापुढे काही न मागता बसायचंय.”

त्यांना जन्मात एवढं एकच हवं होतं.

मधल्या काळात अध्यक्षांच्या भाच्याने गाडीखाली एका म्हाताऱ्याला चिरडलं. म्हातारा आठवडी बाजारातून पायी घरी चालला होता. खटला साहेबांकडे आला. अध्यक्ष स्वतः त्यांच्या घरी गेले. मी तिथेच बसलो होतो. अध्यक्षांनी उघड काही मागितलं नाही. लहान वय आहे, लग्न ठरलंय, असं बोलत राहिले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाचा कोणाचा, हे आरोपपत्रात लिहिलेलं नाही. तेवढं मला वाचता येतं.” भाच्याला शिक्षा झाली.

अध्यक्ष एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या महोत्सवात त्यांनी साहेबांना स्वतःच्या हाताने चहा दिला. मला तेव्हाच खटकलं. बाजारात जो अजिबात घासाघीस करत नाही, त्याला बैल घ्यायचाच नसतो.

साहेब निवृत्त झाले. गाव सोडून गेले नाहीत, त्या बैठकीसाठीच राहिले. रोज संध्याकाळी मारवा. यवतमाळहून तबलजी बोलावला, त्याच्याबरोबर तयारी केली. वहिनींनी नवा कुर्ता शिवून घेतला. मग महोत्सवाची पत्रिका आली. पहिल्या बैठकीत भावगीतांचा वाद्यवृंद, मुख्य देणगीदारांच्या आग्रहास्तव. साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. आभाराच्या यादीतही नव्हतं.

मी तडक जिनिंगवर गेलो. अध्यक्ष म्हणाले, “अरे, पुढच्या वर्षी घेऊ ना त्यांना. कुठं पळून चालले का ते?”

“सौदा यंदाचा झालता.”

“कोणता सौदा? मस्करी चालू होती ती. गाणं म्हणजे काय बैल आहे का?”

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन माणसांनी मला फाटकाबाहेर आणलं.

साहेबांना सांगितलं, हा भाच्याचा सूड आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, “पुरावा?”

“पुरावा काय पाहिजे? आंधळ्याले दिसते.”

“दिसणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. संशयाचा फायदा द्या त्यांना. जन्मभर समोरच्या वकिलांना तो मागताना ऐकलं. एकदा देऊन पाहतो.”

असं म्हणून त्यांनी तंबोरा गवसणीत घातला. त्या संध्याकाळी गायले नाहीत. वहिनी आत भांडी घासत होत्या. बराच वेळ एकच पातेलं घासत होत्या.

पुढचा हिवाळा यायच्या आत आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हणाले, मग जास्त रियाज झाला म्हणाले. नागपूरला नेलं तर घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. शस्त्रक्रियेला थोडे दिवस होते. मी पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. या वेळी भांडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणापुढे हात जोडले.

“एक संध्याकाळ द्या. शाळेचं सभागृहही चालेल. माणसं मी गोळा करतो. जेवढा आवाज उरला तेवढ्यात गातीन ते. फक्त मंडळाच्या नावानं बोलवा त्यांले.”

“आजारी माणूस मंचावर बसवायचा अन् काही झालं तर जबाबदार कोण?” अध्यक्ष म्हणाले. “आधी बरे होऊ दे. मग मोठा कार्यक्रम करू.”

स्वरयंत्र काढल्यावर मग मोठा कार्यक्रम. हे ते मला समजावून सांगत होते.

नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी साहेब घरी गायला बसले. ऐकायला वहिनी आणि मी. आवाज फाटलेला होता, वर जाताना मध्येच हवा सुटायची. ते पुन्हा खालून सुरुवात करायचे. मारवा मला कधी कळला नाही, पण त्या दिवशी तो माणूस कुठे पोचायचं ते ठाऊक असून पोचू शकत नव्हता, हे मला कळलं. शेवटी ते थांबले, तंबोरा वहिनींच्या हातात दिला आणि मला म्हणाले, “शेठ, काळी चारमध्ये काहीतरी बोला. घर फार शांत झालं.”

मला बोलता आलं नाही. एवढ्या वर्षांत तेव्हाच एकदा मला बोलता आलं नाही.

त्यानंतर ते जगले थोडे महिने. गळ्याला भोक, त्यावर मऊ फडका. बोलायचं ते मोबाईलवर टाइप करून दाखवायचे. मी ट्रॅक्टरचे भाव सांगायचो, ते मांडीवर बोटांनी ठेका धरायचे. हिवाळ्यात मंडळाचा महोत्सव झाला. लाउडस्पीकर त्यांच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचा. त्यांनी खिडकी लावू दिली नाही. मोबाईलवर टाइप केलं, ‘तंबोरा उतरलाय, सुरात नाही.’ माझ्याकडे बघून हसले. गाठ पुन्हा आली तेव्हा त्यांनी काही टाइप केलं नाही.

शोकसभा मंडळाने घेतली. फोटो मंचाच्या मधोमध होता, हाराखाली. जिवंतपणी त्या जागेवर ते एकदाही बसले नव्हते. अध्यक्ष माईकवर गहिवरून म्हणाले, “साहेबांची आपल्या मंचावर गाण्याची इच्छा होती. नियतीने ती पूर्ण होऊ दिली नाही.” मी उभा राहून विचारलं, ही नियती मंडळाच्या कोणत्या बैठकीला हजर होती? लोकांनी मला खाली बसवलं. वहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या, म्हणून मी बसलो. त्यांच्यासाठी.

आता कळलं आहे की या हिवाळ्यापासून पहिल्या बैठकीला साहेबांचं नाव देणार आहेत. दिवा लावायला वहिनींना बोलावलं आहे. त्या जाणार की नाही, मी विचारलं नाही. मी जाणार आहे.

अध्यक्ष महोदय, नाव द्या नाहीतर देऊ नका. पण दिव्याला काडी लावण्याआधी, तेच वकील, तेच पोलीस, तीच सुटलेली आणि शिक्षा भोगलेली माणसं समोर बसलेली असतील तेव्हा, माईकवर येऊन सांगा की त्या वर्षीची संध्याकाळ तुम्ही साहेबांकडून का काढून घेतली. भाच्यासाठी असेल तर भाच्यासाठी म्हणा. दुसरं कारण असेल तर तेही सांगा. संशयाचा फायदा त्यांनी दिला होता, तो त्यांचा स्वभाव. मी देणार नाही. मला उत्तर पाहिजे, आणि ते त्यांच्या बायकोच्या तोंडावर पाहिजे.