आतून कडी नसलेली खोली

आमच्या घरात सहल हा शब्द फारसा उच्चारला जात नाही. खाली कापड विणायचे आठ लूम, वर आम्ही. शुक्रवारी लूम बंद असतात आणि त्या दिवशी आमचे हे मोटरींना तेल घालत बसतात, तीच आमची सुट्टी. त्यामुळे एका संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, ‘शनिवार-रविवार गणेशपुरीला राहायला जाऊ,’ तेव्हा मला वाटलं, यांना ताप आलाय.

ताप नव्हता, स्थळ होतं. आमच्या मुलीसाठी माझ्या नणंदेने आणलेलं. मुलाचे वडील हयात नव्हते. घरी आई, मुलगा, थोडी भातशेती आणि गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायच्या सहा खोल्या. मुलगा पदवीधर, बुकिंगचं सगळं तोच बघायचा. दोघं दोनदा भेटले होते, फोनवर बोलत होते. आता आम्ही घर बघायचं, आणि पसंत पडलं तर रविवारी दुपारी सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द गेला. मग मागे फिरायचं नाही.

मुलाच्या आईनेच फोन केला होता. ‘जेवून लगेच काय पलायचा? शनिवारी या, दोन दिस ऱ्हावा, कुंडात आंघोल करा. आपल्याच रूमा हायेत.’ मुलीने मोबाईलवर खोल्यांचे फोटो दाखवले. पिवळे पडदे, एसी, पांढऱ्या चादरीवर टॉवेलाचे दुमडून केलेले हंस. ह्यांनी चष्मा लावून फक्त चादर मोठी करून बघितली आणि म्हणाले, ‘कापड आपल्याकडचंच दिसतंय.’

जाताना एसटीत ह्यांनी आम्हा दोघींना तंबी दिली. याआधी मुलीची दोन स्थळं फिसकटली होती. एकदा मी हुंड्याच्या गोष्टीवरून बोलले होते, एकदा मुलगी नोकरीवरून. ती एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाची नोंद ठेवते आणि ती नोकरी तिला सोडायची नव्हती. ‘या वेळी जे काय असेल ते असेल,’ हे म्हणाले. ‘सुपारी फुटेपर्यंत दोघींनी तोंडाला कुलूप लावा. तिसरं स्थळ मोडलं की लोक मुलीला नावं ठेवतात, मुलाला नाही.’ यात खोटं काही नव्हतं. मी मान डोलावली.

फोटोही खोटे नव्हते. पुढच्या अंगाला खरंच सहा खोल्या होत्या, पिवळे पडदे होते, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग होता. फक्त आम्ही त्या खोल्यांपुढून चालत गेलो, स्वयंपाकघराच्या मागे वळलो, गॅसच्या टाक्या ओलांडल्या, आणि मग मुलाच्या आईने एक दार ढकललं.

‘या. पुढल्या रूमा गिऱ्हाइकांना. तुमी घरची मानसं.’

आत पलंग होता, नाही म्हणत नाही. पण पलंगाच्या तिन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत गाद्या रचलेल्या. कोपऱ्यात उशांनी भरलेली दोन पोती, दोरीवर न वाळलेल्या चादरी. खिडकी एकच, तीही गिऱ्हाइकांच्या बाथरूमच्या बोळात उघडणारी. आम्ही बॅगा खाली ठेवतोय तोवर पलीकडे कुणीतरी असं खाकरलं, की मी दचकून मागे बघितलं. ही राहायची खोली नव्हतीच. हे गाद्यांचं गोदाम होतं आणि त्यात एक पलंग घुसवला होता.

मी दार लावायला वळले आणि माझा हात तसाच राहिला. दाराला आतून कडी नव्हती. स्क्रूची चार भोकं होती. म्हणजे कडी पूर्वी होती आणि कुणीतरी ती काढून टाकली होती.

‘अहो, बघितलंत का?’

‘बघितलं,’ हे म्हणाले. ‘दोन दिवसांचा प्रश्न आहे. गप बस.’

मी गप बसले आणि साडी बदलायला घेतली. निऱ्या हातात होत्या तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बर्म्युडा घातलेला एक गृहस्थ. ‘भाभी, दो गद्दे एक्स्ट्रा चाहिए.’ मी किंचाळले असते, पण तंबी आठवली आणि किंकाळी गिळली. गृहस्थाने बिचाऱ्याने नजर छताकडे वळवली, चळतीतून दोन गाद्या ओढल्या आणि गेला. जेवणाची हाक येईपर्यंत आणखी चौघं येऊन गेले. एकाला उशी हवी होती, एकाला टॉवेल. शेवटच्या बाईने माझ्याकडेच चादरीला डाग असल्याची तक्रार केली.

मग मी माझी अक्कल चालवली. बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मुलीला दाराला पाठ लावून बसवलं आणि मी आवरलं, मग मी बसले आणि तिने आवरलं. गाद्यांची एक चळत सरकवून खिडकी झाकली. मुलगी आधी हसत होती. म्हणाली, ‘आई, तू वॉचमन चांगली होशील.’ मग हळूहळू तिचं हसू थांबलं. ती त्या चार भोकांवरून बोट फिरवत बसली.

संध्याकाळी मुलाने आम्हाला कुंडांवर नेलं. मुलगा गुणी वाटला. हळू बोलणारा, ह्यांच्या हातातली पिशवी न मागता घेणारा. रात्री जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, आणि त्याच्या आईने आम्हाला वाढताना स्वतः उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले. सहा खोल्यांची गिऱ्हाइकं, शेत, घर, सगळं ती एकटी ओढत होती. बाई वाईट नव्हती. मला हे सांगायला सोपं जावं म्हणून मी तिला वाईट करणार नाही. आम्ही दाराला बॅग लावून झोपलो. पहाटे बॅग सरकली, कारण आंघोळीला लोक लवकर उठतात आणि टॉवेल आमच्या उशाशी होते.

रविवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात घावन खात बसलो होतो. मुलाची आई तव्याशी होती. तिने मागे वळून मायेने विचारलं, ‘रूमीत झोप लागली ना बरी?’

‘हो, छान,’ मी म्हणाले. खोटं बोलायची मला सवय आहे.

‘लगीन झाला का तीच रूम ह्या दोगांची. पंखा नवा घालू.’

मी हातातला घास ताटलीत परत ठेवला. आदल्या दुपारपासून मी स्वतःची समजूत घालत होते, की सीझन आहे, खोल्या भरल्यात, आपल्याला कुठेतरी कोंबलं, होतं असं. ही कोंबाकोंबी दोन दिवसांची नव्हतीच. माझ्या मुलीने जन्मभर जिथे झोपायचं ती जागा आम्ही बघून आलो होतो.

‘आणि त्या गाद्या?’ मी विचारलं. ह्यांनी पायाने मला डिवचलं.

‘गाद्या कुठं जातील? त्या ऱ्हातील.’

‘आणि कडी?’

‘कडी व्हती. मीच काढली. ह्यो पोर एकदा आतून लावून निजला आन् गिऱ्हाईक भायेर बोंबलत. धंद्याचा घर हाय ताई, कवा बी गादी लागतेय.’ ती हसली. ‘घरात काय लपवायचा हाय?’

मुलगा तिथेच बसला होता. तोही हसला.

आम्ही खोलीत परत आलो. मुलगी पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, ‘मला इथे नाही राहता येणार.’ आवाज चढवला नव्हता. तरी ह्यांचा चेहरा उतरला. जेवणानंतर चार माणसं येणार होती, सुपारीचं ताट तयार होतं, आणि हे माझ्याकडे बघत होते, की आता तूच काहीतरी बोल.

मी बोलले. मला आज त्याची लाज वाटते, पण बोलले. ‘अगं, मुलगा चांगला आहे. खोलीचं काय, होतं हळूहळू. निभवायचं असतं. मी नाही का निभावलं? माझी खोली काय महाल होती?’

‘तेच विचारतेय,’ मुलगी म्हणाली. ‘आई, तुला आवडायची का ती खोली?’

माझ्या आधी हेच उत्तरले. ‘तिची कधीच तक्रार नव्हती. विचार तिला.’

मी लग्न होऊन आले तेव्हा लूमच्या वर दोन खोल्या होत्या. एकीत सासू-सासरे, एकीत आम्ही. गच्चीवर जायचा जिना आमच्या खोलीतून होता. सासरे रोज पहाटे टाकी बघायला वर जायचे. भला माणूस, खोकून यायचे, मान खाली घालून जायचे. पण यायचे ते आमच्या पलंगाला वळसा घालून. दार आतून लावायचं नाही, कारण ते कधी वर जातील नेम नसायचा. पुढे बाहेरून लोखंडी जिना बसला तोवर सात वर्षं उलटली होती. तोही माझ्यासाठी नव्हता, गच्चीवरची पत्र्याची खोली भाड्याने दिली म्हणून बसला.

‘नाही,’ मी म्हणाले.

‘काय नाही?’ ह्यांनी विचारलं.

‘आवडायची नाही. सात वर्षं मी पदराला पिना लावून झोपले. उन्हाळ्यातसुद्धा अंगावरची चादर काढली नाही. पहाटे खोकल्याचा आवाज येण्याआधी मला जाग यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून मेल्यासारखी पडून राहायचे. बाळंत होऊन आले तेव्हाही. हिला पाजत असायचे तेव्हाही.’

हे सगळं मीच बोलतेय यावर माझाच विश्वास बसेना. एवढ्या वर्षांत मी हे माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. ह्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी मला प्रथमच पाहिल्यासारखं बघितलं. मला रडू फुटलं, आणि बरोबर त्याच क्षणी दार उघडून एक काका आत आले. ‘एक उशी मिळेल का?’ त्यांनी मला रडताना पाहिलं, मुलीला पाहिलं, आणि तिथेच अवघडून उभे राहिले. हे उठले, पोत्यातून उशी काढली, काकांच्या हातात दिली, त्यांना बाहेर पोचवलं आणि दार ओढून स्वतः त्याला टेकून उभे राहिले. जेवायला बोलावलं तोवर ते तिथून हलले नाहीत.

जेवणानंतर ओसरीवर सतरंजी घातली. मुलाचे चुलते आणि भावकीतली तीन माणसं आली. ताटात हळद-कुंकू, नारळ, सुपारी आणि अडकित्ता. चुलत्यांनी अडकित्ता उचलला. ह्यांनी सुपारीवर हात ठेवला.

‘एक मिनिट. पोराला एक विचारायचंय.’ मग ते मुलाकडे वळले. ‘बाळा, त्या खोलीतल्या गाद्या निघतील का? आणि दाराला आतून कडी बसेल का?’

एवढाच प्रश्न होता. दुकानात कडी मिळते, घरात स्क्रूड्रायव्हर असतो. त्याने हो म्हटलं असतं तर सुपारी फुटली असती, मी खात्रीने सांगते. मुलीचा जीव होता त्याच्यात. ती ओसरीच्या दारात माझ्याजवळ उभी होती आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मुलाने आईकडे बघितलं. मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, ‘आई सांगेल तसं.’

मुलीने माझं मनगट सोडलं. ‘नको, पप्पा,’ ती म्हणाली.

ह्यांनी सुपारी उचलून ताटाच्या कडेला ठेवली आणि चुलत्यांना हात जोडले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मुलाची आई उठून उभी राहिली. तिला राग आला नव्हता, तिला खरोखर कळत नव्हतं. ‘एका कडीपायी?’ ती म्हणाली. ‘एका कडीपायी लगीन मोडता?’

‘हो ताई,’ हे म्हणाले. लोक नावं ठेवतील म्हणून आदल्या दिवशी आम्हाला कुलूप लावणारा माणूस हाच का, असं मला झालं.

एसटीच्या थांब्यावर आम्ही तिघं उभे होतो. मुलगी आमच्या मधे होती. ती रडली नव्हती, पण तिच्या हातात मोबाईल होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. मग तिच्या डोक्यावरून हे मला म्हणाले, ‘एकदा तरी सांगायचंस मला.’

‘कधी सांगणार? दिवसभर खाली लूमची खडखड. रात्री बोलावं तर पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या, आणि दार उघडं. दार लागल्याशिवाय बाई कसं बोलेल?’

मुलीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती बॅग उचलून थांब्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि काल दाराला पाठ लावून बसली होती तशी आमच्याकडे पाठ करून बसली.