उलट्या फेऱ्याचं बटण

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या रागापायीच लॉन्ड्रीची पहिली मोठी ऑर्डर हातची जाणार होती.

प्रताप नगरात घराखालच्या गाळ्यात मी लॉन्ड्री काढली, तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे हातमाग. त्यांचं अर्धं आयुष्य उमरेडला चरख्यावर मागासाठी सूत गुंडाळण्यात गेलेलं. "आपून लोकाईले नवं कापड देनारे. दुसऱ्याचं मळकं धुवाले सून आनली का मी?" एवढं बोलून त्या वर गेल्या, ते चार महिने दुकानात पाऊल ठेवलं नाही. उमरेडच्या बहिणीला तर सांगून ठेवलं, सून हिंगण्याला कंपनीत जाते. मला ते फार लागलं होतं. भांडणारच होते, पण फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक व्हायचा, की माझं भांडण तोंडातच राहायचं.

कपडे सुकवायचा ड्रायर सदरच्या बाजारातून जुनाच आणला. त्याचा ड्रम थोडा वेळ एका बाजूने फिरायचा, थांबायचा, मग उलटा फिरायचा. कसला कामचोर, असं वाटलं मला. जायचं तर सरळ जा ना बाबा, मागे कशाला येतोस? बाजूला उलट्या फेऱ्याचं बटण दिसलं, ते मी बंद करून टाकलं. वर नवऱ्याला ऐकवलं, मशीनलासुद्धा शिस्त मीच लावते. टॉवेल, नॅपकिन मस्त सुकत होते, त्यामुळे माझं डोकं अजूनच चढलं.

मग एका लग्नाच्या लॉनमधून वऱ्हाडाच्या खोल्यांसाठी साठ चादरी आल्या. पाच वाजता हव्या होत्या. दुपारी बाराला पहिला घाणा काढला, तर सगळ्या चादरी एकमेकींना पिळून एकच जाडजूड दोर झालेला. वरून पापडासारखा कडक, आतून पाणी टपकतंय. सोडवला, परत टाकला, परत दोर. दोन वाजले. मी मशीनला, विकणाऱ्याला आणि त्या बिचाऱ्या नवरदेवालाही अशा शिव्या घातल्या, की सासूबाई जिना उतरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून ओरडून राहिली वं?"

मला रडूच आलं. ही ऑर्डर बुडाली तर 'मी म्हटलंच होतं' आयुष्यभर ऐकावं लागणार, आणि दुकानाला कुलूप लागणार ते वेगळंच. त्यांनी तो दोर हातात घेऊन चाचपला. काचेतून ड्रम थोडा वेळ बघितला.

"एकाच अंगानं फिरवून राहिली तू. पीळ नाही पडन तं काय होईन? सुताले पीळ जास्त झाला का आमी चरखा दोन फेरे उलटा फिरवो. तुह्या मशीनले उलटं फिरता येत नाही का?"

येत होतं की. मीच बंद केलं होतं. हे सासूसमोर कबूल करण्यापेक्षा मेलेलं बरं, पण घड्याळाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे मात्र हलत होते.

बटण चालू केलं. ड्रम एका बाजूने फिरला, थांबला, उलटा फिरला, आणि चादरी एकेक सुटून मोकळ्या पडायला लागल्या. "आता कसं," म्हणत सासूबाईंनी पदर खोचला. कोरड्या चादरी निघतील तशा आम्ही दोघी घड्या घालत गेलो. त्यांची काठाला काठ जुळवायची सवय अशी, की माझ्या दोन घड्या त्यांनी न बोलता परत मोडल्या.

साडेचारला शेवटच्या चादरी उरल्या असताना उमरेडहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांनी फोन कानाखांद्यात धरला.

"मंग बोलू वं, आता टाइम नाही. लोकाईच्या चादरीच्या घड्या करून राहिली."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. त्यांनी ते ओढून ताठ केलं.

"कंपनी-बिंपनी काही नाही वं. लॉन्ड्री आहे, आपली."