माझे साडू आणि स्टीअरिंगचं तेल

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या नात्यागोत्यात जितक्या म्हणून चारचाकी आहेत, त्यातल्या एकूण एक गाडीचं बॉनेट माझ्या साडूंनी उघडलेलं आहे, हे मी देवाशपथ सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार डोंबिवली, नोकरी एका विमा कचेरीत टेबलामागे, आणि गॅरेजशी संबंध म्हणाल तर रस्त्याच्या पलीकडून बघण्याइतका. वर कहर म्हणजे या गृहस्थांकडे स्वतःची गाडीच नाही! एक जुनी स्कूटर आहे. तिला पॉवर स्टीअरिंग नसतं, म्हणून त्यांचा जीव कायम दुसऱ्यांच्या गाड्यांत अडकलेला. लग्न असो, बारसं असो, साखरपुडा असो, हात जोडून आत येणार, पाणी पिणार, आणि पाचव्या मिनिटाला यजमानाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारणार, "स्टीअरिंगचं तेल शेवटचं कधी बघितलंत?" इंजिनचं तेल लोक बघतात, रेडिएटरचं पाणीही बघतात, पण जुन्या गाड्यांत चाक हलकं वळावं म्हणून एका छोट्या डबीत निराळं तेल असतं, हे निम्म्या मालकांना ठाऊक नसतं. यजमान ओशाळून "नाही बुवा" म्हणाला की साडूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मी त्यांना पुरणपोळीवर तूप वाढतानाही पाहिलेलं नाही.

मग तो सोहळा सुरू होतो. गाडी सपाट जागेवर आणवायची. इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं. चाक एकदा पार डावीकडे, एकदा पार उजवीकडे, असं चार-पाच वेळा फिरवून घ्यायचं आणि इंजिन बंद. पिशवीतून मेहुणीच्या जुन्या साडीचा धुतलेला तुकडा निघतो. त्याने आधी डबीच्या झाकणाभोवतीची धूळ पुसायची, कारण "एक कण आत गेला ना सर, तर पंपाची वाट!" (ते मला सर म्हणतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो म्हणून. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.) मग झाकण फिरवायचं, झाकणाला खाली जी कांडी असते ती पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा काढून उजेडात धरायची. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा. एवढं होईपर्यंत भोवती जमलेले आठ-दहा जण श्वास रोखून उभे असतात आणि आत पंगत थांबलेली असते. शेवटी साडू निकाल देतात, "दोन घोट कमी आहे." मोजून दोन घोट घालतात, त्यावर एक थेंब नाही. मालकाला आपली गाडी मरणाच्या दारातून परत आल्यासारखं वाटतं.

एका नवरात्रात आम्ही दोन्ही कुटुंबं टेंभी नाक्याच्या देवीला गेलेलो. ही गर्दी! ओटीचं ताट सांभाळत आमची बायकामंडळी पुढे, आणि मागे साडू एकाएकी थबकले. "ऐकलंत सर? कण्हतेय." मला वाटलं कोणी बाई चेंगरली. तर रस्त्याकडेला एक टॅक्सी वळत होती आणि वळताना तिच्यातून घुंईई असा आवाज येत होता. साडू गेले आणि काचेवर टकटक केली. ड्रायव्हरला वाटलं वर्गणीवाले. त्याने काच खाली न करताच हात जोडले. पण साडू कसले ऐकतात! पाच मिनिटांत बॉनेट वर, मागे हॉर्नचा कल्लोळ, पोलिसाची शिट्टी, आणि आमचे हे महाशय पिशवीतल्या बाटलीतून दोन घोट घालताहेत. परत चाक फिरवलं तर आवाज गायब. त्या ड्रायव्हरने देवीच्या मांडवाजवळ, देवी बाजूला ठेवून, या माणसाला वाकून नमस्कार केला हो! आणि माझी बायको म्हणते कशी, "भाऊजींचा कान बघा कसा आहे!" लग्नाला आमच्या सव्वीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याही अवयवाबद्दल ती असं बोलल्याचं मला आठवत नाही.

आता सरळच सांगतो, मला त्यांचा हेवा वाटतो. हेवा हा शब्द पुस्तकी झाला, मी जळतो. सासरी मी पानिपतावर दोन तास बोलू शकतो, पण आजवर एकाने मला पानिपताबद्दल विचारलेलं नाही. सासरे, म्हणजे आमचे कल्याणचे अप्पा, मला "या" म्हणतात आणि साडूंना "या या या" म्हणतात. मी मोजलंय. म्हणून साडू बॉनेटखाली वाकले की मी मुद्दाम तोंड फिरवून उभा राहतो. समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघतो, नारळाच्या झाडाला नारळ किती ते बघतो. पण खरी जखम निराळी होती. माझी एकुलती एक लेक मुक्ता पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी स्टुलावर उभी राहून बॅटरी धरायची. "काका, मी वास घेऊ?" आणि ते घेऊ द्यायचे! पुढे गाडी शिकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, मी शिकवतो. पहिल्याच दिवशी मी दोनदा ओरडलो. ती मुकाट्याने उतरली आणि रिक्षा करून घरी गेली. त्यानंतर दर रविवारी ती डोंबिवलीला जाऊन काकांकडे, त्यांच्या शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन, शिकली. हा माणूस म्हणे ओरडतच नाही. गाडी बंद पडली की "छान, आता परत" म्हणतो.

तर झालं असं. मुक्ताला वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली आणि अप्पांनी आपली जुनी गाडी तिला देऊन टाकायचं ठरवलं. दसऱ्याला कल्याणला गाडीची पूजा करायची आणि मग मुक्ताने अप्पांना शेजारी बसवून गाडी ठाण्याला आमच्या घरी जेवायला आणायची, असा बेत. आदल्या दिवशी आमच्याच घरात, माझ्या समोर बसून, तिने फोन लावला. "काका, स्टीअरिंग जड लागतंय हो. उद्या लवकर या. तुम्ही बघितल्याशिवाय मी गाडी जागची हलवणार नाही." बाप चार फुटांवर पेपर वाचत बसलाय! जिवंत आहे, धडधाकट आहे! मी पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता वागळेतलं सुट्या भागांचं दुकान गाठलं. सणाची गर्दी, सगळे खांद्यावर खांदा घासून उभे. मी जोरात म्हटलं, "गाडीचं तेल द्या." दुकानदार म्हणाला, "कुठलं?" मी म्हटलं, "चांगल्यातलं." तो वैतागून म्हणाला, "अहो काका, इंजिनचं, ब्रेकचं, कशाचं? ब्रेकचं देऊ?" मागचे चार मेकॅनिक माझ्याकडे बघायला लागले. आता त्यांच्यासमोर आपलं अज्ञान कशाला उघडं करा? तेल ते तेल, डबीत घालायचं, त्यात काय जातपात? मी ऐटीत म्हटलं, "हो हो, तेच."

दसऱ्याला सकाळी बाकीचे आत तोरण ओवत होते, तेव्हा मी अप्पांच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. डबी मला बरोबर सापडली, तेवढं वीस वर्षांत नजरेखालून गेलेलं होतंच. झाकण काढलं आणि काठोकाठ ओतलं. दोन घोट वगैरे भिकारपणा आपल्याला जमत नाही. हात पुसून मी आत जाऊन बसलो, आणि खरं सांगतो, मला फार छान वाटत होतं.

साडू आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्कूटरवरून आले. पूजा झाली. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचं तोरण, आपट्याची पानं, चाकांखाली लिंबं. मुक्ता चालकाच्या जागी बसली, अप्पा तिच्या शेजारी टोपी सावरून बसले. साडूंनी पिशवीत हात घातला तेवढ्यात मी म्हटलं, "राहू द्या. तेल मी घातलंय." मुक्ताने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही?" ती अशी हसली की मला वाटलं, आजवरची सगळी जळजळ वसूल झाली. आणि साडू काय म्हणाले? "अरे वा, सर! झकास!" मनापासून म्हणाले हो. हाच तर त्यांचा मोठा दोष आहे, मनात काही ठेवतच नाहीत. पण सवय कुठे जाते? "नुसतं एकदा बघतो," म्हणत ते वाकले. मी म्हटलं, "माझ्यावर भरवसा नाही का?" तोवर झाकण निघालं होतं. त्यांनी कांडी उजेडात धरली, थेंब चोळला, हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं. तिकडे मुक्ताचा हात किल्लीवर.

"मुक्ता, किल्ली काढ. गाडी चालू करायची नाही." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती घाबरून खाली उतरली. अप्पा म्हणाले, "काय झालं?" आणि साडू शांतपणे म्हणाले, "चूक माझी आहे, अप्पा. सरांनी मला विचारून तेल आणलं. मीच नाव चुकीचं सांगितलं."

मग तीन तास आम्ही दोघं कधी त्या बॉनेटपाशी, कधी गाडीखाली होतो. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने ते डबीतलं तेल ओढत होते आणि मी बॅटरी धरून उभा. पाइप सोडवला, पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन न लावता हातानेच चाक फिरवत आतलं सगळं बाहेर काढलं आणि नवीन तेल घातलं. ते तेल लाल होतं. चांगलं रसरशीत लाल! जळफळाटापायी तोंड फिरवून उभं राहिल्यामुळे मला वीस वर्षांत हे माहीतच नव्हतं. साडू हळूच म्हणाले, "ब्रेकचं तेल आतली रबरं खातं, सर. आज काही झालं नसतं. महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी वळणावर चाक जड झालं असतं पोरीला." वर अंगणात ताई सगळ्यांदेखत बोलत होत्या, "सांगत होते, लोकांच्या गाड्यांत हात घालू नका! झाली ना शोभा?" अप्पाही म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, जावईबापू." साडू मान खाली घालून पाइप बसवत राहिले. आणि मला, आता हसा हवं तर, त्या क्षणीसुद्धा त्यांचा हेवा वाटला. एवढी एक चूक होती माझ्या नावावर, तीही या माणसाने पळवली. त्या दिवशी श्रीखंड आम्ही चार वाजता कल्याणलाच खाल्लं.

संध्याकाळी घरी येताना मुक्ता गाडी चालवत होती, मी शेजारी. माझ्याने राहवेना. म्हटलं, "चूक काकांची नव्हती." रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "माहितीये. काका एकवेळ मावशीचं नाव चुकतील, तेलाचं नाही चुकणार." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "काकांनी डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी तुम्ही सणाच्या गर्दीत तेल आणायला गेलेलात?"

पण नात्यागोत्यात बातमी पसरायला कितीसा वेळ? साडूंनी चुकीचं तेल सांगितलं, पोरीची गाडी जाता जाता वाचली, एवढंच सगळीकडे झालं. अप्पांनी शेजाऱ्याला गॅरेजचा पत्ता दिला. कोणी बॉनेट उघडू देईना. दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी डोंबिवलीला गेलो. साडू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले आणि दाराशी पिशवी तयार. ताई आतून म्हणाल्या, "असेच बसून असतात. दसऱ्यापासून कोणी आलं नाही."

मी तिथूनच अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. साडू हाताने "नको, नको" करत होते. अप्पा म्हणाले, "त्यांना म्हणावं, या थेरड्याला माफ करा." मी निरोप सांगितला. मला वाटलं साडूंना बरं वाटेल. ते पिशवीचा बंद सोडत-बांधत बसले. मग म्हणाले, "सर, मुक्ता तुमच्याशेजारी नुसती बसते ना? काही काम नसताना?" मी म्हटलं, "बसते की. मोबाइल बघत बसते." ते म्हणाले, "तेच. मला त्याचा फार हेवा वाटतो. माझ्याकडे तेल बघून झालं की सगळे जातात. ती दर रविवारी यायची, पण लायसन्स मिळालं आणि..." आपल्याला मूलबाळ नाही, हे ते कधीच बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत.

मी गॅलरीत जाऊन मुक्ताला फोन केला. म्हटलं, "काकांकडे जेवायला ये." तिने विचारलं, "का? काही झालंय का?" म्हटलं, "काही नाही. गाडी आणू नकोस, रिक्षाने ये." फोन ठेवताना पोटात जरा दुखलं, खोटं कशाला बोलू.

ती तासाभरात आली. चपला काढल्या आणि सरळ साडूंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून मोबाइल बघत बसली. साडू एकदा तिच्याकडे बघत होते, एकदा आपल्या रिकाम्या हातांकडे. शेवटी ते मला हळूच म्हणाले, "सर, तुम्ही जरा आत बसता का?"

मी उठून आत गेलो.