आबांचा खोकला आणि कणगीमागची सुनी

आधीच सांगून टाकते, मी बी.एस्सी. केमिस्ट्री. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये आठ वर्षं काढलीत. लिंबू-मिरची म्हटलं की मला लोणचंच आठवतं. या ग्रुपवरचे पांढऱ्या साडीवाल्या बाईचे अनुभव मी आजवर जेवताना, हसायला म्हणून वाचत आलेय. त्यामुळे स्वतःचं लिहायची पाळी आली तेव्हा लाज वाटली. पण नणंदेनं पिच्छाच पुरवला. "वहिनी, तू नाय लिवलंस तर मीच लिवीन. आन् तुला दाखवीन बावळट."

म्हणून लिहितेय. विश्वास ठेवा म्हणत नाही... मीच अजून धड ठेवत नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीपासून थोडं आत. नाव देत नाही, गाववाले वाचतात. कौलारू घर, समोर ओटा, ओट्यावरून दार. आत माजघरात भाताची कणगी – बांबूची, शेणानं सारवलेली, माणसाच्या उंचीची. मागे न्हाणी आणि मागचं दार. कुंपणापलीकडे कमळकाकी राहतात. काकींच्या कानाला आमच्या लॅबमधलं कुठलंही मशीन लागत नाही. आम्ही भाकऱ्या थापल्या की त्या थापांवरून मोजतात.

आता माझे सासरे, आबा. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी गेले. तापट माणूस, पण एक रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली. घरात बायका आहेत म्हणून ओट्यावर आले की आधी खाकरायचे. दोन आखूड, एक लांब. "ख्ख, ख्ख... ख्खाऽऽ." मग आतून कोणीतरी "या" म्हणायचं, आणि मगच आत पाऊल. "या" नाही तर आबा नाहीत! एकदा आई म्हणजे माझ्या सासूबाई माहेरी गेलेल्या, मी न्हाणीत. हा माणूस अर्धा तास स्वतःच्याच ओट्यावर पावणा असल्यासारखा उभा. मी बाहेर आले तर म्हणाले, "घरात कोन हाय का नाय, सांगाया नको?"

आणि याच माणसानं लेकीला, सुनीताला, दाराबाहेर काढलं होतं. सुनीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा ओट्यावर उभं राहून म्हणाले, "ह्या उंबऱ्यात परत पाय ठेवायचा नाय." पाच वर्षं तिचं नाव काढलं नाही. त्यांच्या मयताला आली तीही वाडीबाहेरच उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "ते बोलल्यात ना, मंग नाय."

मग आला तो लॉकडाऊन. गावानं रस्त्यावर आडवं झाड टाकलं, वर पाटी – "बाहेरच्यांस बंदी. नातेवाईक असला तरी माघारी जा." कोणी आलंच तर चौदा दिवस शाळेत. पत्र्याची शाळा, एप्रिलचं ऊन, एक पंखा आणि तोही बिघडलेला.

सुनीला तेव्हा आठवा सरत आलेला. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं, हे तिसरं. नवरा उल्हासनगरला इस्पितळात साफसफाईला, तिकडेच मुक्काम, आणि घरमालक खोली रिकामी करा म्हणून मागे लागलेला. पोरगी जाणार कुठे? माझ्या नवऱ्यानं एका भाजीच्या टेम्पोवाल्याला गाठलं. भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना, मिरच्यांच्या क्रेटमागे बसून सुनी आली. टेम्पो नदीकडच्या वाटेनं घेतला. उतरली ती शिंकतच. आणि घरात शिरली मागच्या दारानं. म्हणाली, "हितं उंबरा नाय. मी काय त्यांचा शब्द मोडला नाय."

चूक होती का? होती. नियम सगळ्यांच्या भल्याचाच होता, मलाही कळत होतं. पण त्या पत्र्याखाली तिला काही झालं असतं तर? आम्ही ठरवलं – बाळंतपण होईपर्यंत घरात माणसं तीन. आई, हे आणि मी. चौथं माणूस नाहीच.

सांगते, माणूस लपवणं सोपं आहे. माणसाचं सामान लपवणं महाकठीण. पहिल्याच दिवशी मी सुनीचा गाऊन दोरीवर वाळत घातला. चौघी मावतील एवढा तो गाऊन. कुंपणापलीकडून आवाज आलाच.

"वैशाले, कितवा गो?"

आईंनी मागून कोपर मारलं. "चौथा," मी म्हटलं. आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झालेली. खोटं बोलताना क्षणभर बरं वाटलं, आणि त्याचीच मग दिवसभर लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवसापासून काकी कुंपणावरून कैऱ्या द्यायला लागल्या. मी "अय्या काकी" करून घ्यायची आणि आत नेऊन सुनीला द्यायची.

मग भाकऱ्या. तिघांच्या सहा थापायच्या त्या नऊ झाल्या. काकी म्हणाल्या, "भाकऱ्या वाढल्या जनू!" आई म्हणाल्या, "दोन जिवांची हाय ती." चला, तेही माझ्याच खात्यावर! मी पोट पुढे काढून चालायला शिकले. हे म्हणाले, "जरा कमी काढ, चौथा हाय, नववा नाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी, आई आणि सुनी माजघरात तांदूळ निवडत होतो. हे रेशनला गेलेले. ओट्यावरून आवाज आला –

"ख्ख, ख्ख... ख्खाऽऽ."

आईंचा हात पदराकडे गेला. माझा मोबाईल आपोआप उशीखाली. आणि सुनी, चार पावलं चालायला धापा टाकणारी सुनी, उडी मारल्यासारखी उठली आणि कणगीमागे! लहानपणापासूनची सवय. आबा आले की पोरगी कणगीमागे. मग आम्ही तिघी एकमेकींकडे बघतच राहिलो. कणगीच्या कडेनं सुनीचं नुसतं डोकं बाहेर डोकावत होतं.

मी दार उघडून पाहिलं. ओटा रिकामा. वळते तोच गावच्या कोरोना समितीची दोन माणसं आवारात शिरली. "वहिनी, बाहेरून कोन आलंय का?" मी म्हटलं, "नाय ओ." त्यांनी दारातून आत डोकावून पाहिलं. आई एकट्या तांदूळ निवडत बसलेल्या. ते गेले.

सुनी बाहेर आली ती घामानं भिजलेली. "वहिनी, आबा होते."

"खारूताई असेल. नाहीतर वासा तडकला असेल उन्हानं," मी म्हटलं. केमिस्ट्री!

मग हे रोजचंच झालं. कोणीही येणार असलं की मिनिटभर आधी खाकरणं, सुनी कणगीमागे, आणि मग पाव्हणा हजर. ग्रामसेवक आले, दूधवाला आला, काकी साखर मागायला आल्या. एकदाही चूक नाही. आईंची तर भीतीच मोडली. खाकरलं की म्हणायच्या, "आले टाइमवर. जित्तेपनी कधी कामाला नाय आले, आता राखन करत्यात." मी हट्टानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं. त्यात काकींचा कुकर आहे, आईंचं "आले बघ" आहे, कणगीवर सुनी आपटल्याचा आवाज आहे. खाकरणं नाही. तिघींनी ऐकलेलं, पण फोननं ऐकलेलं नाही.

आणि फोननं नाही ऐकलं ते काकींनी ऐकलं!

"तुमच्याकडं कोन खोकतंय गो?"

त्या दिवसांत खोकला म्हणजे काय होतं ते आठवा. शिवी दिलेली चालायची. मी म्हटलं, "मला ठसका लागला." काकी म्हणाल्या, "बाप्याचा आवाज होता." मग यांनी ओट्यावर जाऊन मुद्दाम खोकून दाखवलं. काकी म्हणाल्या, "ह्यो नाय. ह्यो लेकाचा. त्यो बापाचा होता." आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन आत पळाल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. घर तपासायला उद्या माणूस येणार, असा निरोप आला. त्या रात्री आई पहिल्यांदा चिडल्या. दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "लेकीला घरातनं काढलंत, आता लपल्याली पन उघडी पाडा! समाधान होऊ दे!" सुनी भिंतीकडे तोंड करून झोपली.

आमच्या गावची आशा सेविका तापानं पडलेली, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या जागी शेणवे गावाकडची एक नवी मुलगी आली. आमच्यातल्या कोणाला ओळखत नव्हती. खाकरणं झालं, सुनी कणगीमागे. मी दाराच्या फटीतून बघत होते. ती आवारात आली, ओट्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. वहीत लिहिलं. मान हलवली. काहीतरी दटावल्यासारखं बोट दाखवलं. परत मान हलवली... आणि निघून गेली. दार वाजवलंच नाही!

आम्ही म्हटलं, सुटलो. पोरगी ऊन लागून स्वतःशीच बोलत असेल.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सुनीला कळा सुरू झाल्या. तीनेक आठवडे आधीच. आणि कळांबरोबर रक्त. माझं पोट काढून चालणं, केमिस्ट्री, सगळं हवेत. हे म्हणाले, "बस झालं लपवनं, शाळेत नाय तर जेलात टाकू दे." आणि गावच्या आशा सेविकेकडून नंबर घेऊन त्या नव्या ताईला फोन लावला. रडतच सांगायला लागले की आमची बहीण...

"हो हो, माहितीये," ती म्हणाली. "गाडी किन्हवलीत सांगूनच ठेवलीये. दहा मिनिटांत येईल. समितीला पण बोललेय, ते झाड बाजूला करतायत."

गाडी खरंच दहा मिनिटांत आली. शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. वार, म्हणजे प्लासेंटा, खाली सरकलेली होती, लगेच ऑपरेशन. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की घरीच ठेवली असती तर दोघी हातच्या गेल्या असत्या. दोघी – म्हणजे मुलगी झाली. काळीसावळी, केस भरपूर, आणि रडताना कपाळाला आठी. आई म्हणाल्या, "आठी कोनाची ते सांगाया नको."

घरी आलो ते दारावर स्टिकर लावून, चौदा दिवस रीतसर बंद. सुनी परत मागच्या दारानंच. ती ताई लांबून तब्येत विचारायला आली, तेव्हा मी विचारलं, "तुला कळलं कसं गं? सांगितलं कोणी?"

"तुमच्याच बाबांनी."

आता तुम्ही म्हणाल, मग हिनं भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला आणि किंचाळली. नाही. आबांचा फोटोच नाही आमच्याकडे. एकमेव फोटो आधार कार्डावर, त्यात ते कोणासारखेही दिसतात.

ती म्हणाली, "ओट्यावर बसलेले की ते! मास्क नव्हता म्हणून मी ओरडले पण. खोकला कधीपासून विचारलं तर म्हणतात, 'जलमापासनं. तंबाखूचा.' मी तसंच लिहिलं. मग घरात किती जण विचारलं, तर म्हणाले, 'माजी लेक बाळंतपनाला आलीय म्हायेरी. दोनदा गेलंय तिचं. तिला कुठं हलवू नका, गाडीची सोय करा. ह्या येड्या तिला कणगीमागं लपवत्यात.'"

कुंपणापलीकडे काकींच्या हातातलं भांडं पडलं.

'माजी लेक.' पाच वर्षं ज्या तोंडातून नाव निघालं नाही... आत सुनी पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. सगळं ऐकलं तिनं. हुंदकाही दिला नाही, नुसतं पाणी गळत होतं डोळ्यांतून.

"अजून काही बोलले?" मी विचारलं.

"मी म्हटलं बाबा, उन्हात काय बसताय, आत जा की. तर म्हणाले, 'आतनं कोन या म्हनलं की जातो.'"

मी आणि आईंनी एकमेकींकडे पाहिलं. सतरा-अठरा दिवस माणूस रोज खाकरत होता. आम्ही रोज ऐकत होतो, सुनीला पळवत होतो, त्याला नावं ठेवत होतो, रेकॉर्ड करत होतो. एकीलाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलं – "ख्ख, ख्ख... ख्खाऽऽ." आईंनी तोंड उघडलंच होतं, पण सुनी आधी उठली. यावेळी कणगीकडे गेली नाही. पोरीला घेऊन पुढच्या दाराशी गेली, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली,

"या, आबा."

ओट्याच्या पायरीवर वहाणा काढून आपटल्याचा आवाज झाला. तो मी ऐकला, माझ्या या कानांनी ऐकला. मग काही नाही. पोरगी जांभई देऊन झोपली. त्या दिवसानंतर ते खाकरणं कोणीच ऐकलं नाही, काकींनीसुद्धा नाही. काकींना तेवढी एकच काळजी – "म्हंजे माझ्या कैऱ्या फुकट गेल्या?" मी म्हटलं, "नाय ओ काकी, ज्या पोटासाठी दिल्या त्याच पोटात गेल्या."

मी सगळ्या शक्यता तपासून पाहिल्यात. रस्ता बंद, गावात परका म्हातारा येणार कुठून? दोनदा गेलंय हे घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आणि कणगी? ती तर आम्हा चौघांशिवाय कोणालाच नाही.

सुनी दर दिवाळीला येते, पुढच्या दारानं. आणि मी, बी.एस्सी. केमिस्ट्री, ओट्यावर कोणी नुसता घसा जरी साफ केला तरी आधी "या" म्हणते, मग कोण आहे ते बघते.