कुत्र्यांची पाणपोई

आमच्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. कुत्रा मान पुढे काढून खोकायचा, ढासेवर ढास लागायची आणि शेवटी थोडा पांढरा फेस पडायचा. सासऱ्यांनी त्याचा जबडा उघडून टॉर्चच्या उजेडात तपासणी केली. हाड दिसलं नाही.

"खाली सरकलं असंल," ते म्हणाले.

घरात मटण शिजून महिना उलटला होता, हे सांगितल्यावर त्यांनी निदान बदललं. सर्दी.

जुलै चालू होता. बेंगळुरूच्या येलहंक्यात या दिवसांत सतत वारा असतो आणि पाऊस पिठाच्या चाळणीतून गाळल्यासारखा पडतो. नागपुरात आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिवाळाच वाटतो. सासरे माकडटोपी घालून वावरत. त्यांनी आपला जुना स्वेटर कुत्र्याला चढवला आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याच्या छातीला शेक दिला. शेक संपल्यावर कुत्र्याने पुरचुंडी पळवली.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्य बाईंनी त्याची छाती ऐकली, ताप पाहिला. फुप्फुसं स्वच्छ होती. मग त्यांनी विचारलं, हा इतर कुत्र्यांना कुठे भेटतो?

सासऱ्यांनी छाती पुढे काढून हिंदीत सांगितलं, "हमारी पाणपोई है ना."

पाणपोई खरोखरच होती. सासूबाई गेल्यानंतर सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना कन्नड येत नव्हतं आणि आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. मार्चमध्ये त्यांनी गेटबाहेर सिमेंटचं टाकं आणून ठेवलं आणि रोज भरू लागले. नागपुरात उन्हाळा लागला की रस्त्यावर पाणी ठेवायचंच, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. पाण्याला कुत्री आली, कुत्र्यांमागे मालक आले. हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, शेजारच्या अक्का, हेडफोन लावलेली दोन-तीन तरुण मुलं. संध्याकाळी गेटपाशी खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. उन्हाळा सरला, टाकं तिथेच राहिलं.

बाईंनी शांतपणे समजावलं. कुत्र्याला नुसत्या वाऱ्याने सर्दी होत नाही. ती दुसऱ्या कुत्र्याकडून येते. खोकल्यातून, नाकाला नाक लावण्यातून, एकाच भांड्यात जिभा घालण्यातून. गारठा आणि वय यांमुळे बरं व्हायला उशीर लागतो, इतकंच. भिजला तर कोरडा पुसा, कोरड्या जागी झोपवा, नेहमीचं जेवण द्या, प्रतिकारशक्तीच्या पावडरींच्या मागे लागू नका. गळपट्ट्याने घसा दाबला जातो, म्हणून छातीचा पट्टा वापरा. वार्षिक लस झाली आहे, पण या खोकल्याची वेगळी, नाकात सोडायची असते; ती बरा झाल्यावर देऊ. तोवर, म्हणजे तीन आठवडे तरी, इतर कुत्र्यांपासून लांब. आणि ते टाकं उचला.

सासऱ्यांनी घरी येताच टाकं उपडं केलं. संध्याकाळी कळलं, अक्कांचा कुत्राही खोकतोय, आणखी दोघांचेही.

कुत्रा घरात, म्हणून सासरेही घरात. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दोघं वाफ घेत बसत. कुत्र्याची ढास कमी होत गेली, सासऱ्यांचं बोलणंही. एका रात्री जेवताना ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यशवंतपूरहून नागपूरचं तिकीट पाहून ठेव. हा बरा झाला की निघतो."

"एकदम काय झालं, बाबा?"

"काय होणार? चांगलं करायले गेलो अन् गल्लीतली कुत्री बिमार पाडली. मले इथं दुसरं काय काम आहे?"

नवऱ्याने तिकीट पाहिलं नाही. पाहू म्हणाला.

रविवारी शेजारच्या अक्का जिना चढून आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत. त्यांची मराठी घरातली, पण कन्नडच्या हेलात, मधूनच कन्नड शब्द घेऊन.

"काका, टाकं उपडं का पडलंय?"

"माह्या पाण्यानं तुमचा कुत्रा खोकून राहिला म्हणून."

"खोकत होता. आता सरी झाला, बरा. कुत्री आपली शहाणी, गेटपाशी थांबली तरी ओढलं की निघतात. तिथं रेंगाळणाऱ्या माणसांनाच घरी ओढून न्यावं लागतं."

"मग काय करू? एकेकाले ग्लास देऊ?"

"तुमच्या नागपुरात पाणपोईवर माणसं माठात तोंड घालतात काय?"

सासरे खवळले. "माठात तोंड? अहो, माणूस बसलेला असते तिथं. तो ओगराळ्यानं वरून ओतते. आपण ओंजळ धरतो."

"मग स्वल्प, जरा तेच करा ना! ओंजळ आम्ही घरून आणतो."

बाईंनी सांगितलेली मुदत संपली, कुत्र्याच्या नाकात लसही पडली. सासरे झाकणाचा माठ आणि लांब दांड्याचं ओगराळं घेऊन गेटबाहेर बसले. ज्याने त्याने आपली वाटी आणायची, खोकणाऱ्याने घरी राहायचं, असा नियम त्यांनी खुणांनी आणि हिंदीत जाहीर केला. हवाई दलवाले वाटी विसरून आले, तर त्यांना परत पाठवलं.

त्या रात्री नवऱ्याने मोबाइल पुढे धरला. नागपूरच्या गाडीत जागा होत्या.

"दिवाळीचं पाहा," सासरे म्हणाले. "अन् एकाच बाजूचं नको काढू. येतानाचं आधी पाहा, ते मिळत नाही लवकर."